माग काढणारी माणसं

नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्या इस्लापूरपासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतात. पाचशे-साडेपाचशे किलोमीटर इकडे, तेवढेच तिकडे. त्यामुळे किनवट तालुक्यातल्या माणसाला कुठलाच समुद्र आपला वाटत नाही. आमचं पाणी मात्र पूर्वेला जातं. सहस्रकुंडाच्या कड्यावरून कोसळणारी पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते. काकीनाड्याजवळ या मुखाशी होप आयलंड नावाचा वाळूचा लांबट पट्टा आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळा सरता सरता तिथे अंडी घालायला येतात. ती वाळू गोदावरीनंच आणून टाकलेली, म्हणजे थोडीबहुत आपलीही.

तरी ही हकिगत पूर्वेची नाही, पश्चिमेची आहे, कारण ती मराठी गावांत घडली. आपल्याकडे कासव म्हणजे महादेवाच्या देवळातलं, नंदीपुढचं, दगडी. जिवंत म्हणाल तर विहिरीतलं, तळ्यातलं, फार तर भोई लोकांच्या जाळ्यात सापडलेलं. ही सगळी गोड्या पाण्यातली. डिवचलं की मान आत ओढून घेणारी. समुद्री कासवाला ते जमत नाही. त्याची मान आणि पाय कवचाबाहेरच राहतात. पायांची वल्ही झालेली असतात आणि तीस-चाळीस किलोचं ते धूड पाण्यात जेवढं सहज फिरतं तेवढंच जमिनीवर लाचार होतं. नर तर एकदा समुद्रात गेला की सहसा परत जमिनीवर येतच नाही. मादी येते ती अंडी घालण्यापुरती, रात्री, तासाभरासाठी. तो एक तास कुणाच्या हाती पडतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीला लागून वेळास आहे. इतिहास वाचणाऱ्याला हे गाव कासवांमुळे नाही, भानूंमुळे माहीत असतं. भानू घराण्यातल्या नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. खाडीपलीकडचं श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं. सिद्दीच्या जाचाला कंटाळून भट निघाले ते वेळासच्या भानूंना सोबत घेऊन घाटावर आले, असं सांगतात. पुढचं शतकभर पुण्यात पेशवाई आणि फडणविशी नांदली तिची पाळंमुळं या दोन गावांत. बाणकोटचा किल्ला आधीच इंग्रजांकडे गेला होता, पुढे पेशवाईही गेली आणि वेळास पुन्हा नारळी-पोफळीच्या आड लपलं. कोकणातल्या शेकडो गावांसारखं तेही मुंबईला माणसं पुरवत राहिलं. गावापुढे लांब पुळण, तिच्या मागे सुरूचं बन. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत त्या पुळणीवर माद्या येत, अंडी घालून जात. अंडी कुत्री उकरत, कोल्हे उकरत, पण सगळ्यात चोख उकरत ती माणसं.

ही चोरी म्हणजे काही मोठा धंदा नव्हता. पहाटे पुळणीवर चक्कर मारायची, माग दिसला तर काठीनं वाळू टोचून बघायची, काठी भुसकन आत गेली की हातानं उकरायचं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. काही घरात खायला, काही बाजारात. गावात याची लाज नव्हती आणि भीतीही नव्हती. वास्तविक वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला होता आणि १९७७ मध्ये समुद्री कासवं त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला जाऊन बसली होती. पण वाघाला राखायला जंगल होतं, जंगलात गार्ड होता. पुळणीवर पहाटे पाच वाजता सरकारचं माणूस कुठलं असणार?

देशात या कासवांकडे लक्ष गेलं ते आधी पूर्व किनाऱ्यावर. मद्रासमध्ये रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सर्पोद्यानातल्या पोरांनी १९७३-७४ च्या सुमारास रात्री किनाऱ्यावर चालून घरटी शोधायला सुरुवात केली. १९७४ मध्ये मगरींच्या कामासाठी ओडिशात आलेले रॉबर्ट बस्टर्ड भितरकनिकाच्या बाहेर गहिरमाथ्याच्या वाळूवर पोचले, तेव्हा एकाच वेळी हजारो माद्या जिथे वर येतात असा किनारा जगापुढे आला. अर्थात ‘शोध लागला’ हे शहरातल्या माणसाचं म्हणणं. तिथल्या लोकांना तो किनारा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, आणि त्या आधी वनखातं रीतसर पैसे घेऊन तिथली अंडी बोटी भरभरून उचलू देत होतं. परवाने बंद झाले ते सत्तरीच्या दशकाच्या मध्यात. पुढे तिथे तटरक्षक दल उतरलं, १९९७ मध्ये सागरी अभयारण्य झालं. हजारो कासवं एकत्र दिसली की त्याची बातमी होते, फोटो छापून येतात, मंत्री येतात.

महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर किनाऱ्याचं तसं नाही. इथे माद्या एकेकट्या येतात. आज वेळासला एक, चार दिवसांनी केळशीला एक, मग आंजर्ल्याला. सकाळच्या भरतीनं माग पुसला की काही झालंच नाही असा किनारा दिसतो. त्यामुळे महाराष्ट्रात कासवं येतात पण फारशी नाहीत, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. जी येत होती ती मोजायला कुणी चालत नव्हतं. चालत होते ते फक्त अंडी काढणारे, आणि त्यांनी वही ठेवायचं काही कारण नव्हतं.

या सगळ्यात एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सतीश भास्कर. मूळचे केरळचे, मद्रासच्या आयआयटीतलं शिक्षण अर्धवट सोडून समुद्राकडे वळलेले. १९७७ मध्ये कच्छच्या आखातापासून त्यांनी पाहणी सुरू केली आणि नंतरची कितीतरी वर्षं किनारे आणि बेटं पायी पालथी घातली. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधल्या सुहेली या निर्मनुष्य बेटावर ते एकटे राहिले, कारण हिरवी कासवं तिथे पावसाळ्यातच वर येतात आणि त्या दिवसांत बोटी चालत नाहीत. बायकोला पत्र पाठवायची सोय नव्हती. त्यांनी ते बाटलीत घालून समुद्रात टाकलं. चोवीस दिवसांनी ती बाटली श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडली आणि त्या भल्या माणसानं पत्र पत्त्यावर धाडून दिलं. शेवटची वर्षं ते गोव्यात राहिले आणि २०२३ मध्ये वारले. भारतात कुठल्या किनाऱ्यावर कुठलं कासव येतं, याचा पहिला धड तक्ता तयार झाला तो बव्हंशी या माणसाच्या तंगडतोडीतून. निधी, प्रयोगशाळा, उपग्रह हे सगळं नंतरचं. आधी कुणीतरी चालावं लागतं.

कोकणात ते चालणं २००२ मध्ये सुरू झालं, तेही ध्यानीमनी नसताना. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ पासून काम करत होती. तिचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी तेव्हा समुद्री गरुडाच्या मागे होते. पांढऱ्या पोटाचा हा पक्षी किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटं करतो. गरुडांची घरटी मोजत ही मंडळी वेळासला आली आणि पुळणीवर त्यांना उकरलेला खड्डा आणि अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तर गावात कुणी काही लपवलं नाही. दरवर्षी कासवं येतात, अंडी काढतात, विकतात, असं सरळ सांगितलं.

इथे दोन वाटा होत्या. वनखात्याला कळवायचं, पंचनामा, दोन-चार जणांवर केस, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं जरा जास्त अंधारात पुळणीवर. दुसरी वाट काटदऱ्यांनी धरली. गावात बैठका घेतल्या, ग्रामपंचायतीला सोबत घेतलं, वनखात्याची परवानगी मिळवली आणि पुळणीवर चालायला माणसं नेमली ती गावातलीच. त्यात आधी अंडी काढणारेही होते. याला कुणी मोठेपणा म्हणेल, मन वळवणं म्हणेल. मला त्यात आधी व्यवहार दिसतो. माग कुठून वर आला, मादी कुठे थांबली, कुठे नुसती वाळू उडवून फसवाफसवी करून गेली आणि खरी अंडी कुठे आहेत, हे सांगू शकणारी माणसं गावात तीच होती. चिपळूणहून किंवा पुण्याहून आलेल्या पदवीधराला हे शिकायला दोन हंगाम लागले असते. चोराकडे जी विद्या होती तिलाच संस्थेनं मानधन दिलं. पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली. ‘फारशी कासवं येत नाहीत’ हे म्हणणं तिथेच संपलं.

काम कसं चालतं ते नीट बघण्यासारखं आहे. पहाट फुटायच्या आत कासवमित्र, म्हणजे चालायला नेमलेला गावातला माणूस, पुळणीच्या एका टोकापासून निघतो. समुद्रातून वर आलेला माग ओळखायला सोपा असतो. ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकानं उमटावेत तसे तिरपे पट्टे, मधून पोट घासत नेल्याची सपाट रेघ. एक माग येण्याचा, एक जाण्याचा. दोन्हींच्या मध्ये जिथे वाळू विस्कटलेली असते तिथे तो बसतो. मादी अंडी घालून झाल्यावर खड्डा बुजवते, वरून अंग आपटून वाळू दाबते आणि मग वल्ह्यांनी आजूबाजूची वाळू उडवून जागा लपवते. या विस्कटलेल्या दोन-तीन हातांच्या जागेत नेमका खड्डा कुठे, ते काठीच्या टोकाला कळतं. दाबलेली वाळू आणि पोकळ वाळू यांतला फरक मनगटाला लागतो. मग काठी बाजूला ठेवून हातानं, हळूहळू. दीड फूट खाली अंडी लागतात. पांढरी, गोल, मऊ चामडी कवचाची, चिकट ओल असलेली.

इथून पुढे घाई असते आणि घाई करताही येत नाही. अंडी घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून हलवायचं तर त्या काही तासांच्या आत. खड्ड्याची खोली मोजायची, तळाची रुंदी मोजायची, कारण मादीनं केलेला खड्डा वर निमुळता आणि खाली फुगीर असतो, मडक्याच्या आकाराचा. अंडी मोजत, जशी होती तशीच उचलून बादलीत, खाली-वर त्याच घरट्यातली वाळू. भरतीच्या रेषेच्या वर जाळीचं कुंपण घालून हॅचरी केलेली असते, तिथे तेवढ्याच मापाचा खड्डा करून ती पुरायची. वर पाटी रोवायची. पाटीवर तारीख आणि अंड्यांचा आकडा. झालं. मग पन्नासेक दिवस राखण. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात, म्हणजे रात्री निघालेली पिल्लं कावळ्यांच्या आणि खेकड्यांच्या तोंडी पडत नाहीत. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची. पिल्लं निघाली असली तर समुद्रापासून थोडी लांब सोडायची आणि स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायची. हातानं पाण्यात सोडणं म्हणजे उपकार नाही, त्या चालण्याचं त्यांना काम असतं.

वाळूचंही एक गणित आहे. अंड्यातून नर निघणार की मादी, हे आईबापांवर ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. एकोणतीस-तीस अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही, त्याच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली आलं की नर जास्त. डिसेंबरातलं घरटं आणि मार्चअखेरचं घरटं यांतून निघणारी पिलावळ त्यामुळे वेगळी. हॅचरीत सगळी घरटी एका ठिकाणी, एका उन्हात. म्हणून अभ्यासक पहिल्यापासून सांगत आलेत की घरटं जिथे आहे तिथेच राखता आलं तर सगळ्यात बरं. हॅचरी ही तडजोड आहे. मला हे पटतं. पण कुत्री, कोल्हे, भरती आणि माणूस या चौघांपासून पुळणीवरची चाळीस घरटी जागच्या जागी राखायची तर चाळीस माणसं लागतील. वेळासकडे होती तीन-चार.

वाळूचा विषय निघालाच आहे तर एक आपल्याकडचं. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांतही एक कासव आहे, लीथचं मऊ पाठीचं कासव. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या लीथ नावाच्या डॉक्टरवरून त्याला हे नाव मिळालं. दख्खनच्या नद्यांशिवाय ते जगात कुठे नाही आणि आता अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेलंय. तेही नदीकाठालाच अंडी घालतं. आपल्याकडे नदीची वाळू म्हणजे घाट, घाट म्हणजे लिलाव, आणि लिलाव नसेल तेव्हा रात्रीचे टिप्पर. समुद्राच्या वाळूत अंडी असतात हे कोकणानं मान्य केलं. नदीच्या वाळूत काय असतं, हे आपण विचारलेलंही नाही.

वेळासचं काम दोन-तीन वर्षांत रुळलं तसा पैशाचा प्रश्न उभा राहिला. मानधन किती दिवस संस्थेनं गोळा करायचं? गावाला त्यातून काय? २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला तो या प्रश्नावरचा तोडगा म्हणून. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे बोलवायचे, पण हॉटेल बांधायचं नाही. राहणं गावातल्या घरांत, जेवण त्याच घरच्या बायकांच्या हातचं. सोलकढी, मोदक, जे घरात असेल ते. पैसे त्या घरात. मुंबई-पुण्याचे लोक यायला लागले आणि ज्या घरांना कासवाशी काही घेणं-देणं नव्हतं, त्यांनाही पिल्लं कधी निघणार याची उत्सुकता वाटू लागली. पूर्वी एका घरट्याची अंडी विकून एकाच घराला पैसे मिळत. आता तीच अंडी उबली तर वाडीतल्या सगळ्यांना मिळू लागले. राखणदार तीन-चार, पण डोळे गावभर झाले.

महोत्सवावर टीकाही झाली आणि ती सगळी चुकीची नव्हती. शनिवार-रविवारी गर्दी उसळते, पिल्लं मात्र कॅलेंडर बघत नाहीत. आठ तास प्रवास करून आलेल्या माणसाला ‘आज एकही निघालं नाही’ हे ऐकवत नाही. मोबाइलचा फ्लॅश मारू नका, दोरीच्या आत येऊ नका, हे सारखं ओरडून सांगावं लागतं. तरीही ज्या गावात अंडी भाजीसारखी विकली जात होती तिथे लोक पैसे देऊन रिकाम्या टोपलीकडे बघून परत जायला लागले, ही गोष्ट लहान नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं. कोकणातल्या या कामाची पार्श्वभूमी त्याला आहे. त्यानंतर तर घाटावरच्या माणसालाही वेळास ठाऊक झालं.

हे लोण दापोलीत आंजर्ले, केळशी, कोळथरे, पुढे दाभोळ, गुहागर, रायगडात हरिहरेश्वर, दिवेआगर, आणि खाली सिंधुदुर्गात तांबळडेग, वायंगणी, शिरोड्यापर्यंत पोचलं. प्रत्येक गावात पद्धत तीच. आधी माग काढणारा माणूस हुडकायचा, मग बाकीचं. कामाचा पसारा वाढला तसं ते संस्थेकडून हळूहळू वनखात्याकडे आणि ग्रामपंचायतींकडे गेलं. राज्यानं २०१२ मध्ये कांदळवन कक्ष काढला, त्याच्या जोडीला पुढे कांदळवन प्रतिष्ठान आलं आणि कासवांच्या कामाला सरकारी वही मिळाली. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे वनखातं नव्वदच्या दशकापासूनच पुळणीवर उतरलं होतं. तिथे अडचण वेगळी, शॅक आणि दिव्यांची. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं जातं आणि लाखो वर्षं रात्रीचा सगळ्यात उजळ भाग समुद्राकडचाच होता. आता तो हॉटेलाकडे असतो.

पुळण राखली तरी पाण्यात काय? पाण्यात जाळी आहेत. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. ओडिशाच्या किनाऱ्यावर एकेका हंगामात हजारो मेलेली कासवं वाहत आली ती यामुळे. अमेरिकेनं कासव निसटून जाईल अशी चौकट नसलेल्या जाळ्यांतली कोळंबी घ्यायला नकार दिला तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड हे चौघे जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ चा तो खटला व्यापार कायद्याच्या पुस्तकांत अजून शिकवतात. २०१९ मध्ये अमेरिकेनं भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी पुन्हा थांबवली. महाराष्ट्रानं डिसेंबर २०१८ मध्ये जी योजना काढली ती मात्र साधी आणि कोळ्याच्या बाजूची होती. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला तर जाळं कापून त्याला सोडा, जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई घ्या. कासव काढायचं तर जाळं फाडावंच लागतं आणि जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल. दंडाच्या धाकानं जे होत नव्हतं ते भरपाईनं होऊ लागलं. वेळासला २००२ मध्ये जे ओळखलं होतं तेच इथे समुद्रात लागू झालं.

मधे २०१८ च्या मार्चमध्ये मुंबईत वर्सोव्याला पिल्लं निघाली. अफरोज शाह नावाच्या वकिलानं २०१५ पासून लोकांना घेऊन तो किनारा साफ करायला घेतला होता. प्लॅस्टिकचे ढीग हटले आणि कित्येक वर्षांनी तिथे घरटं सापडलं. मग निसर्गानं फटकाही दिला. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचंच चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. पोफळी झोपल्या, सुरूचं बन मोडलं, घरांची कौलं उडाली. पाहुण्यांना ठेवायच्या खोल्याच राहिल्या नाहीत. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. किनाऱ्याची धूप थांबवायला दगडी बंधारे बांधतात आणि मादी त्या बंधाऱ्याला डोकं लावून माघारी फिरते, हे दुखणं तर आहेच, आणि ते वादळासारखं चार दिवसांत जाणारं नाही.

इतकी वर्षं एक प्रश्न तसाच होता. ही मादी येते कुठून आणि जाते कुठे? जिथे जन्मली त्याच भागात ती अंडी घालायला परतते, हे ठाऊक होतं. पश्चिम किनाऱ्याची कासवं पश्चिमेची, पूर्वेची पूर्वेची, असा समज होता. ते तपासायला कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या पुळणीवर एका मादीच्या पाठीला उपग्रहाला संदेश देणारं यंत्र चिकटवलं. तिचं नाव प्रथमा. अंडी घालून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, मग अडवून ठेवायचं, कवच घासून कोरडं करायचं, डिंक लावायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचं. ती श्वास घ्यायला वर आली की यंत्र ठावठिकाणा कळवतं. आंजर्ल्याला सावनी, गुहागरला रेवा, पाठोपाठ लक्ष्मी आणि वनश्री. लोक मोबाइलवर त्यांचे ठिपके बघायला लागले. प्रथमा गुजरातकडे जाऊन आली, बाकीच्यांतल्या काही खाली कर्नाटकाच्या बाजूला सरकल्या. म्हणजे सगळ्या पश्चिमेतच. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, गुहागरला आणखी दोघी, गुहा आणि बागेश्री. गुहा लक्षद्वीपच्या पाण्यात राहिली. बागेश्रीनं मात्र सगळ्यांना चकित केलं. ती कन्याकुमारीच्या खालून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

पण उपग्रहाची यंत्रं वर्षभरात पडतात किंवा थंडावतात. बागेश्री तिकडे नुसती फिरायला गेली की तिथलीच होती, हे ठिपक्यावरून ठरत नाही. एक मादी दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालते का, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर दोन वर्षांनी आलं, आणि ते उपग्रहानं दिलं नाही. ओडिशात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे लोक माद्यांच्या पुढच्या वल्ह्याला धातूची छोटी पट्टी लावतात. पट्टीवर नुसता क्रमांक. बॅटरी नाही, सिग्नल नाही. ती पुन्हा कुणाच्या तरी दृष्टीस पडली तरच उपयोग. १८ मार्च २०२१ ला गहिरमाथ्याला एका मादीला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस रात्री गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालत होती, कासवांवर लक्ष ठेवणाऱ्यांना तिच्या वल्ह्याला धातूचं काहीतरी दिसलं आणि त्यांनी आकडे वाचले. शून्य तीन दोन तीन तीन. साडेतीन हजार किलोमीटरचा फेरा मारून ती दुसऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावर अंडी घालत होती. गहिरमाथ्यातल्या हजारोंच्या गर्दीतली एक, इथे एकटी.

अभ्यासकांचे दोन किनाऱ्यांचे दोन कप्पे त्या रात्री ढिले झाले. ही एकटीच अशी की अशा बऱ्याच जणी आहेत, हे शोधायला आता पश्चिमेच्या गावांतही माद्यांना पट्ट्या लावायला घेतल्यात. अंडी मात्र नेहमीच्या रिवाजानं सकाळी हॅचरीत गेली. एकशे वीस होती. त्यांतून एकशे सात पिल्लं निघाली आणि अरबी समुद्रात गेली. पट्टी लावण्याइतकं वल्हं त्यांना यायला दहा-पंधरा वर्षं जातील.